कोकणातली ऐतिहासिक गूढकादंबरी लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या काळातलं कोकण, गावात पसरलेली एखादी भीती आणि लहानपणापासूनचे दोन मित्र, अशी कादंबरी लिहायला घेतलेले बरेच जण मला प्रश्न पाठवतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने लिहिणाऱ्यांचे आहेत, पुढचे अर्ध्यावर अडकलेल्यांचे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गॉथिक गूढकादंबरी आणि भुताची गोष्ट यांत फरक काय?

भुताच्या गोष्टीत भूत दिसलं, माणूस घाबरला, एवढ्यावर भागतं. गॉथिक गूढकथेला एक जुनं घर लागतं, त्या घराने पूर्वी केलेला एखादा अन्याय लागतो, आणि तो झाकून राहावा म्हणून आजही कोणीतरी भीती जपत असावं लागतं. युरोपात अठराव्या शतकात हा प्रकार रुजला तेव्हा त्यांच्याकडे पडके किल्ले आणि मठ होते. आपल्याकडे खोताचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं घर आहे, देवराई आहे, खाडी आहे.

हस्तलिखित वाचताना मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो: या भीतीचा मालक कोण? ‘तिन्हीसांजेनंतर त्या पाणंदीने जाऊ नको’ असं गाव म्हणत असेल, तर तिथे कोणी न जाण्यात फायदा कुणाचा, हे लेखकाला पहिल्या पानापासून ठाऊक हवं. वाचकाला ते शेवटी कळलं तरी चालेल. पुढची बहुतेक उत्तरं याच प्रश्नाकडे वळतात.

२. कोणता काळ निवडू? आंग्र्यांचा, पेशवाईचा की इंग्रजांचा?

मला विचाराल तर १८८० ते १९३०. आंग्र्यांचा काळ सगळ्यांना ओढतो, आणि का ओढतो तेही समजतं. पण कान्होजी १७२९ मध्ये वारले, १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, आणि त्या काळावर लिहायला बसलं की गलबतं आणि तोफाच पानं खाऊन टाकतात. गूढकथेला कागद लागतो, साक्ष लागते, पंचनामा लागतो.

१८८० नंतरच्या कोकणात न्यायाच्या दोन व्यवस्था शेजारी शेजारी चालतात. भारतीय दंड संहिता १८६२ पासून लागू झालेली आहे, तालुक्याला मामलेदार आणि फौजदार आहेत, आगबोट आहे, पोस्ट आहे. त्याच गावात चोरी झाली की लोक आधी देवळात जाऊन देवाला कौल लावतात (प्रश्न ८). एकाच घटनेची चौकशी दोन ठिकाणी होते आणि दोन्हीकडे वेगळा माणूस दोषी ठरतो. एवढं तयार कथानक दुसऱ्या कोणत्या काळात मिळेल?

त्यातही १८९६-९७ कडे नीट बघा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि गिरणीतली, गोदीतली माणसं गावाकडे पळाली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला, तपासण्या सुरू झाल्या. बरीच वर्षं तोंड न दाखवलेला मित्र अशा वेळी बोटीतून उतरतो आणि गाव त्याला वेशीच्या आत घेत नाही. सुरुवात म्हणून हे मला फार आवडतं. फक्त पुण्यातला रँडचा खून (२२ जून १८९७) गोष्टीत ओढू नका, तो आला की बाकीचं सगळं झाकलं जातं.

आधीचाच काळ हवा असेल तर १८ ऑगस्ट १८६८ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशीचं खग्रास सूर्यग्रहण विजयदुर्गाच्या पट्ट्यातून दिसणारं होतं. भर पावसाळ्यात, सकाळच्या वेळी अंधार होणं ही घटना गावाच्या आठवणीत काय काय पेरून गेली असेल याचा विचार करा.

३. काळाचे तपशील चुकू नयेत म्हणून काय तपासू?

सगळ्यात जास्त चुका छपरावर होतात. मंगलोरी कौलांचा बासेल मिशनचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या कोकणी घरावर नळीची कौलं असतील, गरिबाच्या घरावर गवत किंवा झावळ्या. नळीच्या कौलांवर माकडं नाचली की ती सरकतात, आणि दर उन्हाळ्यात कोणीतरी छपरावर चढून ती परतवतो. म्हणजे घराच्या आत डोकावायची, माळ्यावर काही ठेवायची किंवा काढायची वर्षातून एकदा हक्काची संधी. तपशील असा वापरता आला पाहिजे.

दुसरं, जिल्हे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, कुलाब्याचं नाव रायगड झालं तेही १९८१ मध्येच. १९०० मधलं मालवण हे रत्नागिरी जिल्ह्यात. सावंतवाडी आणि जंजिरा ही तेव्हा संस्थानं होती आणि गोवा पोर्तुगिजांचा. तेरेखोलची खाडी ओलांडली की दुसरं राज्य, दुसरे पोलीस. पळून जाणाऱ्या पात्राला याचा किती उपयोग आहे!

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं, पण राजवाडा तयार झाला १९१० मध्ये. १८९५ मध्ये कोणी ‘थिबा पॅलेस’समोरून जाऊ शकत नाही. मनीऑर्डर १८८० नंतरची. जाळी सुताची किंवा तागाची, नायलॉनची मुळीच नाही. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला, त्यामुळे तुमच्या पात्रांना मुंबई गाठायची तर बोट, नाहीतर घाट चढून बैलगाडी. खेड्यातल्या घरी आलेल्या पाहुण्याला आधी गूळ-पाणी, चहा नाही.

रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर १८८० मध्ये निघालं, कुलाबा-जंजिऱ्याचं १८८३ मध्ये. पिकं, बंदरं, बाजारभाव, जत्रा, सगळं त्यात आहे. लिहिणाऱ्या साहेबाच्या नजरेने आहे हे विसरू नका.

४. खोताचं घर कसं रंगवू? मी कधी आतून पाहिलेलं नाही.

पुण्याचा वाडा उचलून समुद्राकाठी ठेवू नका, एवढं पाळलंत तरी खूप झालं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, उतरतं छप्पर, पुढे सारवलेलं खळं, मग पडवी, ओटी, माजघर, आणि त्याच्याही आत स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली. मागे गोठा, रहाटाची विहीर, आगर. आवाराला चिऱ्यांचा किंवा दगडांचा गडगा.

घर समोरून मागे जाताना काळोखं होत जातं. माजघराला बहुधा खिडकी नसते. घासलेटची चिमणी किंवा उंडीच्या तेलाचा दिवा हातभर जागा उजळतो. ओटीवर उभं राहून माजघरात पाहिलं तर ज्योत दिसते, ती धरणाऱ्या बाईचं तोंड दिसत नाही. तिथे कोण होतं याबद्दल दोन साक्षीदार दोन नावं सांगतील आणि दोघंही खरं बोलत असतील.

बाळंतिणीच्या खोलीकडे लेखकांचं लक्षच जात नाही. घरातली सगळी माणसं तिथे जन्मली आणि कितीतरी बायका तिथेच गेल्या. बाळंतपणात गेलेली बाई अलवंतीण होते असं लोक मानत. अशा मृत्यूबद्दल घरात पुन्हा विचारायची सोय नसे, आणि तो मृत्यू बाळंतपणाचा नव्हताच असं असेल तर?

रात्री माळ्यावर पावलं वाजवायची असतील तर उदमांजर आहे. आमच्या आजोळी ते आढ्यावरून चाललं की अगदी माणूस दबकत चालल्यासारखं वाटायचं, आणि मध्येच थांबायचंही.

५. पावसाळाच घ्यावा का?

पाऊस घ्या, पण धारा आणि विजांसाठी घेऊ नका. जुन्या कोकणात पावसाळ्यात समुद्र बंद. आगबोटी थांबायच्या, गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायचे, नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर मुकं. नद्यांना पूर, पलीकडे नेणाऱ्या होड्या बंद, पत्र उशिरा. खून ज्येष्ठात झाला तर खुनी श्रावणापर्यंत गावातच आहे, आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे.

६. कोकणातली कोणती भुतं वापरू? यादी मिळेल का?

यादी देत नाही, कारण यादीतून उचललेलं भूत पानावर उपरं दिसतं. भुतं जागेला आणि मरणाच्या तऱ्हेला बांधलेली असतात. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा, तो पिंपळावर. ज्याचा जीव धनात किंवा जमिनीत अडकला तो ब्राह्मण समंध. पाण्याच्या काठी गिऱ्हा. वाट चुकवून त्याच जागी फिरवतो तो चकवा. तळकोकणात देवचार आणि राखणदार आहेत, पण त्यांना भूत म्हणालात तर गावकरी तुम्हाला थांबवतील: ते गावाचे राखणकर्ते, त्यांना वर्षाचा मान द्यावा लागतो. रत्नागिरीकडे बायंगीची समजूत आहे. विकत आणलेलं भूत, घरात पैसा आणतं आणि बदल्यात काहीतरी मागत राहतं.

आता प्रश्न १ कडे परत या. एखादं कुटुंब अचानक सधन झालं आणि गाव म्हणालं ‘त्यांनी बायंगी आणली’, तर तो पैसा खरा कुठून आला? ‘समंध’ ज्या जमिनीची राखण करतो तिचे कागद कुणाच्या नावावर आहेत? प्रत्येक समजुतीत एक दडवलेला हिशेब असतो. तो शोधलात की भूत आपोआप तुमच्या गोष्टीचं होतं.

७. अंधश्रद्धा दाखवल्याने तिचा प्रचार होणार नाही का?

ही काळजी योग्य आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या महाराष्ट्रात आपण लिहितो आहोत.

माझं मत असं: श्रद्धेने जगणाऱ्या माणसाला मूर्ख दाखवू नका, आणि भीतीचा धंदा करणाऱ्याला सोडू नका. पोर तापाने फणफणलेलं असताना, वैद्य दोन खाड्या पलीकडे असताना, बाई भगताकडे गेली तर त्यात तिची अगतिकता आहे. भगताने त्याच रात्री तिच्या शेजारणीवर चेटकिणीचा आळ घेतला तर तो गुन्हा आहे. आळ घेतलेल्या बाईचं पुढे काय झालं, तिला विहिरीवर पाणी भरू दिलं का, तिच्या मुलीचं लग्न जमलं का, हे लिहा. अंधश्रद्धेची किंमत कोण मोजतं हे वाचकाला तिथे दिसतं, भाषणातून नाही.

८. कौल आणि गाऱ्हाणं कथानकात कसं आणावं?

देवाच्या अंगावर पानं, फुलं, तांदूळ किंवा कळे लावून प्रश्न विचारायचा आणि उजवा पडला की डावा यावरून उत्तर घ्यायचं, ही ढोबळ पद्धत. गावागणिक फरक आहे, तेव्हा तुमचं गाव ठरवा आणि तिथल्याच गुरवाला विचारा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांदेखत मांडलेली फिर्याद. गाऱ्हाणं घालणारा एकेक वाक्य टाकतो आणि जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात.

रहस्यकथेसाठी इथे सोनं आहे. कौलाला विचारायचा प्रश्न कोणीतरी शब्दांत बसवलेला असतो. ‘गडी पळून गेला का?’ आणि ‘गडी जिवंत आहे का?’ हे दोन वेगळे प्रश्न. मानकऱ्याने पहिलाच प्रश्न लावायचा आग्रह का धरला, हे एखाद्याला पुढे वीस वर्षांनी सुचावं. आणि त्या दिवशी ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना एक माणूस गप्प राहिला होता, हे फक्त त्याच्या मित्राने पाहिलेलं असावं.

९. गावपळणीवर कादंबरी बेतता येईल का?

येईल, आणि अजून खूप जागा शिल्लक आहे. मालवण तालुक्यात आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत ही प्रथा आहे. आचऱ्यात काही वर्षांच्या अंतराने, रामेश्वराचा कौल घेऊन, सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. वेशीबाहेर झोपड्या उभारतात, एकत्र रांधतात, रात्री गाणी-भजनं चालतात. मग पुन्हा कौल घेऊन परततात.

पलीकडे गजबज आणि अलीकडे चुली विझलेलं गाव. तीन रात्री दारं आणि विहिरी बिनराखणीच्या. मागे राहिलेला माणूस, परतल्यावर जागचं हललेलं एखादं जातं, ज्या घरात कोणी नव्हतं तिथली ताजी राख. दोन सूचना: खरं गाव घेतलंत तर मानकऱ्यांशी आधी बोला, आणि गावपळणीला निव्वळ भीतीचा प्रकार करू नका. वेशीबाहेर लोक मजेत असतात. तो आनंद रंगवलात तर मागचं रिकामं गाव जास्त अंगावर येईल.

१०. जुनी मैत्री खरी वाटावी म्हणून काय करू? माझ्या कादंबरीत ती नुसती सांगितल्यासारखी वाटते.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. ‘ते दोघे जिवाभावाचे मित्र होते’ हे वाक्य काढून टाका आणि त्यांना एकमेकांबद्दल असं काही माहीत असू द्या जे तिसऱ्या कोणालाही माहीत नाही.

समजा एक खोताचा मुलगा, एक तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्या नाखव्याचा. एकाच मास्तरांकडे धुळाक्षरं गिरवली, ओहोटीला खडपातून कुर्ल्या काढल्या, दशावतार बघताना मध्यरात्री एकाच घोंगडीखाली झोपले. खोताच्या मुलाला लहानपणी विहिरीत बुडताना या मित्राने काढलं होतं आणि घरी मार बसू नये म्हणून दोघांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तो वाकून विहिरीत बघत नाही. पुढे पंचवीस वर्षांनी तो ‘रात्री पाणी शेंदताना तोल जाऊन’ मेला असं गाव सांगतं, तेव्हा ते खोटं आहे हे कळणारा माणूस जगात एकच आहे. मैत्री आणि पुरावा इथे एकच झाले. मैत्री काढली तर रहस्य उलगडत नाही, अशी बांधणी हवी.

दुसरं साधन म्हणजे हाक. लहानपणचं ‘अरे, येतंस काय?’ मोठेपणी ‘खोतांनू’ होतं. खोताने तांडेलाचा मचवा गहाण म्हणून घेतला त्या वर्षापासून तांडेलाचा मुलगा खळ्यातच उभा राहतो, पडवी चढत नाही. आणि संकटाच्या रात्री त्याच्या तोंडून नकळत जुनं ‘रे’ निघून जातं. यावर काही लिहू नका, नुसतं निघू द्या.

लहानपणीचा प्रसंग एकच ठेवा आणि तो अर्धाच दाखवा.

११. जातीचा विषय टाळून ही मैत्री लिहिता येईल का?

त्या काळातल्या कोकणात, नाही. कोण कुठपर्यंत आत येतो, पाणी कुठल्या भांड्यातून मिळतं, देवळात कोण कुठे उभा राहतो, हे मैत्रीत रोज आडवं येणारच. टाळलंत तर गाव खोटं होईल.

दापोलीचा एक धागा सुचवतो. तिथे लष्कराचा कॅम्प होता आणि पेन्शन घेतलेले महार सैनिक वस्तीला होते. शिकलेली, जग पाहिलेली, अर्ज लिहिणारी माणसं. गोपाळबाबा वलंगकर याच परंपरेतले. अशा घरातला मुलगा तुमच्या दोन मित्रांपैकी एक असेल तर गावापेक्षा त्याला कायदा जास्त कळतो, आणि तरीही गावाच्या विहिरीला तो हात लावू शकत नाही.

खोतीचंही तेच. खोत म्हणजे प्रेमळ किंवा क्रूर म्हातारा एवढ्यावर थांबू नका. १८८० चा खोती कायदा, १९३३ पासून सहा वर्षं चाललेला अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप, १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेलं खोती रद्द करण्याचं विधेयक आणि शेवटी १९४९ चा खोती निर्मूलन कायदा: या रेषेवर तुमची गोष्ट कुठे उभी आहे ते ठरवा. कुळाच्या मनातली भीती त्यावर बदलते.

१२. तपास कोणी करावा? गावात गुप्तहेर कुठून आणू?

आणू नका. फौजदार तालुक्याहून येईपर्यंत पोलीस पाटलाने काय करायचं ते १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्यात होतं, पण पाटील खोताच्याच घरचा असला तर पंचनाम्यात काय लिहिलं जाईल? बोटांच्या ठशांची कचेरी १८९७ मध्ये कलकत्त्यात निघाली, त्याआधी ठशांवर गुन्हा उलगडू नका.

परत आलेला मित्र हा स्वाभाविक तपासी (प्रश्न १०). त्याच्या जोडीला पोस्टमन घ्या: मुंबईहून कुणाच्या नावे मनीऑर्डर येते, कधीपासून थांबली आणि अंगठा कोण उठवतं, हे त्याला ठाऊक. किंवा घरातली सोवळी बाई, म्हणजे केशवपन केलेली विधवा. लाल अलवणात, मागच्या पडवीत, सगळ्यांच्या लेखी नसल्यासारखी. तिच्यासमोर लोक बिनधास्त बोलतात. तिला साक्षीला कोणी बोलावत नाही, हाच तपासातला सगळ्यात मोठा दोष ठरू शकतो.

१३. समुद्राचा पुरावा म्हणून उपयोग होईल का?

होईल, आणि तो तांडेलाच्या मुलाच्याच हाती द्या. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊण म्हणजे सहा: सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास ओहोटी. पुनवेला आणि अवसेला भरती बाराच्या आसपास, शिवाय उधाणाची. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी, चढउतार कमी.

आता साक्षीदार म्हणतो: ‘वद्य अष्टमीच्या मध्यरात्री खाडी तुडुंब होती, चंद्र डोक्यावर होता, होडीतून त्याला उतरताना मी पाहिलं.’ पाणी खोटं आणि चंद्रही खोटा, कारण वद्य अष्टमीला चंद्र उगवतोच मध्यरात्रीच्या सुमारास. फौजदार देशावरचा आहे, तो हे लिहून घेतो. खळ्यात उभा असलेला मित्र ऐकतो आणि काही बोलत नाही. जुनी पंचांगं मिळतात, नेमकी तिथी आणि वार त्यांतून पडताळून घ्या.

हिवाळ्याच्या तोंडाला काही रात्री लाटा निळसर पेटलेल्या दिसतात, त्या सूक्ष्म जीवांमुळे. पावसात कुजक्या लाकडावरची काही अळंबीही काळोखात उजळते. दोन्ही वापरता येतील, पण एका कादंबरीत एकच.

१४. ‘बाधा’ झाली असं गाव म्हणतं पण खरं तर विषप्रयोग, हे पटेल का?

पटेल. धोतऱ्याने माणूस बरळतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, समोर नसलेली माणसं दिसतात. काजऱ्याच्या बियांनी अंग धनुष्यासारखं ताठतं. बघणाऱ्याला ‘झपाटलं’ वाटणं साहजिक आहे. सोमल (आर्सेनिक) तर घराघरातल्या भांडणांत बदनाम.

तेव्हा तपासायची सोय नव्हती असं धरून चालू नका. १८७४ मध्ये बडोद्याच्या रेसिडेंटवर विषप्रयोग झाल्याचा संशय आला तेव्हा पेल्यातला गाळ मुंबईच्या सरकारी रसायन परीक्षकाने तपासला आणि त्यात सोमल सापडला. प्रश्न एवढाच की गावातून मुंबईला काही पाठवायचा हट्ट कोण धरतं, आणि ‘देवाचा कोप आहे, कापाकापी नको’ असं कोण म्हणतं.

१५. मोडी कागद आणि जुन्या सनावळ्या कशा वापरू?

मोडीत शब्द एकमेकांना जोडून येतात आणि ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्यामुळे एकाच ओळीची दोन वाचनं होऊ शकतात. हे एकदा वापरा, पुन्हा पुन्हा नको.

सनाबद्दल: शकात ७८ मिळवले की इसवी सन (चैत्रापूर्वीच्या तीनेक महिन्यांसाठी ७९). पेशवाईतल्या कागदात सुहूर सन अरबी अंकनामांत असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, आणि ते वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं. खोत दाखवतो ती सनद ज्या सनाची आहे तेव्हा सही करणारा वारला होता, एवढं एक गणित वतन हलवू शकतं.

मला सगळ्यात आवडतो तो निशाणीचा पुरावा. लिहिता न येणारा कुणबी कागदावर नांगराची निशाणी करायचा. जमीन लिहून दिल्याच्या कागदावर एका मित्राच्या नावापुढे नांगर आहे. पण तो तर त्याच शाळेत शिकला होता, त्याला सही येत होती. हे कोणाला माहीत? शेजारी बसणाऱ्याला.

१६. गुप्तधन हवंच का?

नको, पण घेतलंत तर १८७८ चा निखात निधी कायदा वाचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक होतं. म्हणजे हंडा सापडल्यावरच खरी भानगड सुरू होते. पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेल्या माणसाला पुरलेलं दिसतं ही समजूत एखाद्या गरीब पायाळू मुलाच्या जिवावर कशी उठते, तो भाग जपून आणि गंभीरपणे लिहा.

१७. संवाद मालवणीत लिहू का?

गाव कुठलं त्यावर आहे. मालवणी तळकोकणाची. रत्नागिरीच्या मधल्या पट्ट्यात संगमेश्वरी, अलिबाग-पेणकडे आगरी, कोकणी मुसलमानांची बोली वेगळी, चित्पावनी वेगळी, आणि रेवदंड्याजवळ कोर्लईत तर पोर्तुगीज वळणाची बोली आजही आहे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, हे वाचकाला सोपं जातं. बोलीचा उपयोग हशा पिकवण्यासाठी करू नका.

१८. खरी दुर्घटना, उदाहरणार्थ ‘रामदास’ बोट, वापरावी का?

१७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यांची कुटुंबं आजही कोकणात आहेत. त्या बोटीवर मेलेल्यांची भुतं करून कृपया आणू नका. बोटीवर होता असं सगळे मानतात तो एक माणूस प्रत्यक्षात चढलाच नव्हता, असं काल्पनिक पात्र घ्यायला हरकत नाही, पण दिवस, वेळ आणि जागा यांना हात लावू नका. काल्पनिक बोट बुडवणं बहुतेक वेळा जास्त बरं.

१९. शेवटी एखादी गोष्ट अनुत्तरित ठेवली तर चालेल?

गुन्हा नाही, बाकी काहीही. कोणी, कसं, का, हे तिन्ही वाचकाला मिळालंच पाहिजे. एखादी हाक, एखादा वास, ओल्या सारवणावरचं एक पाऊल तसंच राहू द्या. मात्र ते पाऊल आधी केलेल्या उलगड्याला खोटं पाडणारं नसावं.

२०. खुनी जुना मित्रच निघाला तर?

जमवायला सगळ्यात अवघड. वाचक पन्नासाव्या पानावर ओळखतो. एक वाट आहे: मित्राने खून केलेला नाही, तो गप्प राहिला आहे. प्रश्न ८ मधला ‘व्हय म्हाराजा’ न म्हणालेला माणूस आठवा. तो का गप्प होता, कुणाला वाचवत होता, आणि त्या गप्प राहण्याने त्याच्या मित्राच्या बायकोवर आळ आला तेव्हाही का बोलला नाही? याचं उत्तर देताना खोताकडचं कर्ज, जात, घरदार, सगळं वर येईल. खुन्याला शिक्षा देता येते. या माणसाचं काय करायचं ते तुम्हालाच ठरवावं लागेल, आणि कादंबरीचा शेवट बहुधा तोच असेल.

२१. लिहून झाल्यावर आधी कोणाला वाचायला देऊ?

समुद्रावर जाणाऱ्या एकाला, देवळाचा मान असलेल्या एकाला, आणि तशा घरात सून म्हणून राहिलेल्या एका आजींना. आजींना वाचणं जमत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा. कसं वाटलं असं विचारू नका, ‘असं होत नाही’ असं कुठे वाटलं तेवढंच विचारा आणि त्या पानावर खूण करा.